चष्मा चार वेळा बदलला, तरी सुईत दोरा जाईना : शिवणकाम करणाऱ्या एका काकूंची केस

काकूंना मी पहिल्यांदा बघितलं ते ओपीडीबाहेरच्या बाकाजवळ. त्या बाकावर बसायला गेल्या आणि बाक जिथे संपतो त्याच्याही चार बोटं पुढे बसल्या, मुलाने दंडाला धरलं म्हणून पडल्या नाहीत. त्याने ज्या सवयीने धरलं त्यावरून कळलं की हे रोजचं आहे. आत आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आई म्हणते दिसत नाही, डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात डोळे एकदम क्लिअर आहेत, आता डोक्याचं काही आहे का ते तुम्ही बघा."

मी तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रबंधाचा विषय होता पार्किन्सन्स (कंपवात) आणि अल्झायमर (विसरायचा आजार) असलेल्या पेशंटमधली नजर, म्हणजे फिकट गोष्ट वेगळी ओळखता येणं, अंतराचा अंदाज, गर्दीतून एक वस्तू शोधणं, या सगळ्याचा आपल्या स्मरणशक्तीच्या टेस्टच्या मार्कांवर किती परिणाम होतो. काकू माझ्या सॅम्पलमध्ये शेवटी बसल्याच नाहीत, पण माझ्या अभ्यासाचा विषय मला नीट कळला तो त्यांच्यामुळे, म्हणून ही केस पूर्ण लिहितीये. काकूंची आणि मुलाची लेखी परवानगी आहे, आणि त्या ओळखू येतील असे तपशील बदललेत.

वय ५९, साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावच्या, शिक्षण सातवी. तीस वर्षं घरी ब्लाउज शिवायचा धंदा, फॉल-पिको पण करायच्या, लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालू. बीपीची एक गोळी सोडली तर काही नाही, घरात कुणाला विसरायचा आजार नाही.

सुरुवात झाली अडीच वर्षं आधी, सुईत दोरा ओवता येईना इथून. या वयात हे सगळ्यांचंच होतं, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही, चष्म्याचा नंबर बदलला. मग दुसरा चष्मा, तिसरा, चौथा. मधेच एका डोळ्यात थोडा मोतीबिंदू निघाला, त्याचं ऑपरेशन झालं, छान झालं, तक्त्यावरची अक्षरं सगळी वाचता आली, ६/६. घरी येऊन पोथी उघडली तर ओळ सापडेना. काकूंच्या शब्दांत, "अक्षरं आहेत बाळा, पण ती एका जागी थांबत नाहीत, एकावर बोट ठेवलं की बाकीची पळतात." कुणीतरी भिंग घ्या म्हणालं, भिंग आणलं, तर भिंगाखाली आणखीच वाचता येईना. घरच्यांना हे फारच विचित्र वाटलं, आणि खरं सांगायचं तर नेमकी इथून शंका घट्ट झाली, की मोठं दिसल्यावर कमी कसं कळेल, म्हणजे ही मुद्दाम करतीये.

त्याच सुमारास धंद्यात चुका व्हायला लागल्या. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवल्या. दुसरीच्या अस्तराची उलटी बाजू वर आली. हुक आणि आय समोरासमोर येईनात. मापाची टेप हातात घेऊन नुसत्या बघत बसायच्या. पैसे मोजताना शंभराच्या आणि पाचशेच्या नोटांचा गोंधळ. पदर कुठल्या खांद्यावर घ्यायचा हे कळेना म्हणून एकदा आरशासमोर अर्धा तास उभ्या होत्या. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून सपाट जमिनीवर पाय आपटायच्या. दारातल्या काळ्या पायपुसण्यावर पाय ठेवायला घाबरायच्या, म्हणायच्या खड्डा आहे. काका चिडायचे, "नाटकं करू नकोस, डॉक्टरने सांगितलंय डोळे चांगले आहेत." मधे एका ठिकाणी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्या, त्याने झोप वाढली, बाकी काही नाही.

आता माझी चूक. पहिल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे एमएमएसई घेतली, ही स्मरणशक्ती, भाषा, आकडेमोड वगैरे तपासायची ३० मार्कांची छोटी टेस्ट, १९७५ पासून जगभर वापरतात. आमच्याकडची प्रत झेरॉक्सची झेरॉक्स होती, रेघा राखाडी झालेल्या, आणि टेबलावर वरून ट्यूबलाइट चकाकत होती. काकूंना ३० पैकी १९ पडले. मी रिपोर्टमध्ये लिहून टाकलं की मध्यम स्वरूपाची बौद्धिक घट आहे, डिमेन्शियाचा, म्हणजे स्मरणशक्ती आणि बुद्धी ढासळत जाण्याच्या आजाराचा, संशय, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

संध्याकाळी आमच्या गाइड मॅडमनी तो कागद परत दिला, म्हणाल्या एकूण मार्क नंतर सांग, आधी कुठले ११ गेले ते सांग. मी बसून बघितलं. शंभरातून सात-सात वजा करायचे ५ गेले. दोन पंचकोन एकमेकांत अडकलेले काढायचे, त्याचा १ गेला, काकूंनी कागदावर दोन-तीन सुट्या रेघा मारल्या होत्या. वाचून तसं करा, याचा १. वाक्य लिहा, याचा १. कागद उजव्या हातात घ्या सांगितल्यावर डाव्या हातात घेतला, १. घड्याळ दाखवून हे काय विचारलं तर म्हणाल्या काहीतरी चकाकतंय, १. तारीख एका दिवसाने चुकली, १. आणि थोड्या वेळाने सांगायला दिलेले तीन शब्द? तिन्ही बरोबर. वार, महिना, वर्ष, गाव, जिल्हा, सगळं बरोबर. म्हणजे जिला मी विसरणारी बाई ठरवलं होतं तिची आठवण शाबूत होती. गेलेल्या ११ मार्कांमधले निम्मे तर डोळ्यासमोरच्या गोष्टीवर किंवा डाव्या-उजव्यावर गेले होते, आणि मी ते बघितलंच नव्हतं, कारण बेरीज करून मोकळी झाले होते. मला त्या रात्री झोप लागली नाही. तो रिपोर्ट फाइलला लागला असता तर काकूंच्या पुढच्या सगळ्या कागदांवर तेच उतरत गेलं असतं.

दुसऱ्या वेळी मी कागद बाजूला ठेवला. १५ शब्दांची यादी पाच वेळा ऐकवून पाठ करायला लावली, पाचव्या वेळी १२ आले, अर्ध्या तासाने ११, सातवी शिकलेल्या ५९ वर्षांच्या बाईला हे चांगलेच आहेत. आकडे ऐकून सरळ म्हणायचे सहापर्यंत जमले, उलटे तीनपर्यंत. म्हणींचे अर्थ फटाफट सांगितले. मग गप्पा मारताना मी सहज विचारलं, जुनी गिऱ्हाइकं आठवतात का, तर बाईंनी एकेकीचं नाव घेऊन छाती, कंबर, बाहीची लांबी, पुढचा गळा, मागचा गळा असं धडाधड सांगायला सुरुवात केली, कुणाचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, कुणाचे साडेतीनशे रुपये दिवाळीपासून राहिलेत, सगळं. सून बाजूला बसून वहीत टिपून घेत होती, आणि नंतर म्हणाली की जुन्या वहीशी ताडून बघितलं, एकही माप चुकलं नाही.

आता नजर. मी टेबलावर घड्याळ ठेवलं, ओळखता आलं नाही. तेच डोळे मिटून हातात दिलं, लगेच "घड्याळ, पट्टा चामड्याचा". मुलाने येताना घरून ब्लाउजपीस आणले होते, ते दिले, बोटांच्या चिमटीत धरून म्हणाल्या "ही टू बाय टू रुबिया, हे पॉपलीन, आणि हे खण आहे पण चांगल्यातलं नाही". रंगांधळेपणा तपासायची इशिहारा प्लेट असते, ठिपक्या-ठिपक्यांची, डॉक्टर शिनोबू इशिहारांनी १९१७ मध्ये केलेली. तिची पहिली प्लेट अशी असते की रंगांधळ्या माणसालाही त्यातला १२ दिसतो. काकूंना तो दिसला नाही. मला वाटलं रंग गेले. तर त्याच टेबलावर दोऱ्याची रिळं ठेवली आणि काकू म्हणाल्या हा रामा, हा मोरपिशी, हा डाळिंबी, हा आंबा. रंग मला शिकवतील इतके पक्के होते, फक्त ठिपके जोडून त्याचा आकडा होत नव्हता.

असंच अक्षरांचं. छोट्या छोट्या क नी बनवलेला एक मोठा प दाखवला, तर क, क, क एवढंच, प नाहीच. आठवडी बाजाराचा फोटो दिला, तर "एक हात दिसतोय... टोपली... काहीतरी लाल", आणि हे सगळं मिळून बाजार आहे हे येईना. यालाच सायमल्टॅग्नोशिया म्हणतात, एका वेळी एकच तुकडा कळणं. चहा आला तेव्हा कपाच्या दोन बोटं डावीकडे हात गेला, चुकला, मग टेबलावरून हात सरकवत सरकवत कप शोधला. नजर हाताला नीट रस्ता दाखवत नव्हती. ही दोन लक्षणं, आणि हवं तिथे नजर वळवता न येणं, अशी तीन मिळून हंगेरीच्या रेझ्यो बालिंट यांनी १९०९ मध्ये एका पेशंटमध्ये नोंदवली होती. आणि डावं-उजवं, आकडेमोड, लिहिणं बिघडणं हे मेंदूच्या डाव्या पराइटल, म्हणजे वरच्या-मागच्या, भागाकडे बोट दाखवतं.

भिंगाचं कोडं पण इथेच सुटलं. अशा पेशंटची नजर जणू छोट्या खिडकीतून बघते, अक्षर लहान असलं तर खिडकीत शब्द मावतो, मोठं केलं की एका अक्षराचा एक कोपराच उरतो. शिवाय शेजारची अक्षरं एकमेकांना गिळतात, त्यामुळे तक्त्यावरचं सुटं अक्षर वाचता येतं आणि पोथीची ओळ येत नाही. ६/६ हे खोटं नव्हतंच. ते डोळ्याचं माप होतं, आणि डोळा आपलं काम करत होता.

मॅडमनी न्यूरोलॉजीला पाठवलं. एमआरआयमध्ये डोक्याच्या मागचा भाग, म्हणजे ऑक्सिपिटल आणि पराइटल लोब, वयाच्या मानाने बराच आकसलेला, आणि आठवणी साठवायचं हिप्पोकॅम्पस बऱ्यापैकी भरलेलं. पेट स्कॅनमध्ये त्याच मागच्या भागात साखर कमी वापरली जात होती, म्हणजे तो भाग कमी काम करत होता. निदान लिहिलं, पोस्टीरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी, पीसीए, म्हणजे मेंदूचा मागचा भाग आकसत जाणं. १९८८ मध्ये फ्रँक बेन्सन आणि सहकाऱ्यांनी पाच पेशंटवरून हे नाव दिलं. बहुतेकांमध्ये खाली अल्झायमरचाच आजार असतो, मेंदूत साचणारी तीच प्रथिनं, अमायलॉइड आणि टाऊ, फक्त तो पुढून आठवणीवर न येता मागून नजरेवर येतो. साधारण पन्नाशी ते पासष्टीत सुरू होतो, आणि त्या वयात दिसत नाही म्हटल्यावर माणूस डोळ्यांच्याच डॉक्टरकडे जाणार ना, त्यांचाही दोष नाही, त्यांनी जे तपासलं ते बरोबरच तपासलं. भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना डिमेन्शिया असावा असा २०२३ चा अंदाज आहे, आणि आपल्या डोक्यात डिमेन्शिया म्हणजे नावं विसरणारे आजोबा. ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवणारी बाई त्यात कुणाला दिसत नाही.

निदान सांगायच्या दिवशी काका पण आले होते. न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं, मग आमच्या खोलीत येऊन मी परत सावकाश सांगितलं की डोळा म्हणजे कॅमेरा, कॅमेरा चांगला आहे, पण फोटो जिथे लागतो ती भिंत पडत चाललीये. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ती खरं बोलत होती." आणि काकू त्यांच्या दिशेला, थोड्या चुकीच्या दिशेला, मान वळवून म्हणाल्या, "मी सांगत होते की हो तुम्हाला." त्या खोलीत नंतर जे रडणं झालं ते मी लिहीत नाही. पण अडीच वर्षांत पहिल्यांदा त्या बाईवर कुणी विश्वास ठेवला होता, आणि माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात मोठा उपचार तोच होता. मुलाने विचारलं बरं होईल का. नाही होणार, हे स्पष्ट सांगितलं. डोनेपेझिल हे अल्झायमरमध्ये देतात ते औषध सुरू झालं, त्याने लक्षणं काही काळ थोडी सुसह्य होऊ शकतात, गेलेलं परत येत नाही. डिप्रेशनच्या गोळ्या संबंधित डॉक्टरांशी बोलून हळूहळू बंद झाल्या.

मग आम्ही घराकडे वळलो, आणि इथे माझा प्रबंध कामाला आला. बोस्टन युनिव्हर्सिटीत अ‍ॅलिस क्रोनिन-गोलॉम्ब यांच्या ग्रुपने अल्झायमर आणि पार्किन्सन्समधल्या नजरेवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचा २००४ चा एक छोटासा अभ्यास मला फार आवडतो. अल्झायमर खूप पुढे गेलेले ९ पुरुष, त्यांना पांढऱ्या भांड्यांऐवजी गडद लाल ताटल्या आणि पेले दिले, तर जेवण २५ टक्के आणि पातळ पदार्थ पिणं ८४ टक्के वाढलं. नंतर गडद निळ्याचाही उपयोग झाला, फिक्या लाल-निळ्याचा नाही. भूक होती, ताटातलं दिसत नव्हतं. फक्त ९ लोक आहेत आणि ते पीसीएचे नव्हते, त्यामुळे काकूंना लागू होईलच असं मी म्हणू शकत नव्हते, पण करून बघायला खर्च शून्य होता.

मी सुनेला म्हणलं, काकू जेवताना काय उरतं ते आठवडाभर बघ. उरायचा तो दहीभात. स्टीलचं चकचकीत ताट, त्यात पांढरा भात, त्यावर पांढरं दही, वरून ट्यूबलाइटची तिरीप. काकू ताटाच्या डाव्या बाजूची भाजी-पोळी खायच्या आणि म्हणायच्या झालं माझं, आणि घरच्यांना वाटायचं भूक मेली. परसात केळ होती. सुनेने केळीच्या पानावर दहीभात वाढला आणि काकूंनी तो पुसून खाल्ला. रोज पान कापणं जमेना म्हणून मग गडद हिरव्या मेलामाइनच्या चार थाळ्या आणल्या.

बाकीचं भराभर सांगते. काळं पायपुसणं काढलं, फरशीच्याच रंगाचं टाकलं. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी टेप. बाथरूममध्ये पांढऱ्या टाइल्सवर पांढरी बादली होती, ती लाल झाली. ओट्यावर एका वेळी एकच भांडं. तिखटाच्या डब्याला एक रबरबँड, हळदीला दोन, मिठाला काही नाही. ब्लाउजच्या आतून डाव्या बाजूला दोऱ्याची एक गाठ, ती बोटाला लागली की डावं कळतं, ही युक्ती काकूंनीच काढली, मी नाही. घरच्यांना सांगितलं की "ते बघ, तिकडे" असं म्हणायचं नाही, "तुझ्या उजव्या हाताला, कोपराजवळ" असं म्हणायचं, किंवा सरळ वस्तू हातात द्यायची. मशीन बंद करायचा निर्णय सगळ्यात अवघड गेला, कारण सुईखाली बोट जायची भीती होती, आणि ते मशीन म्हणजे त्या घरातलं त्यांचं स्थान होतं. काकू दोन आठवडे कुणाशी धड बोलल्या नाहीत. यावर माझ्याकडे काही तोडगा नव्हता, मी नुसती फोन करत राहिले.

प्रबंधाचं काय झालं, तर काकूंना त्यात घेता आलं नाही, कारण माझे निकष पार्किन्सन्स आणि नेहमीच्या अल्झायमरचे होते. पण त्यांच्यानंतर मी माझी पद्धत बदलली. आधी पेली-रॉबसनचा तक्ता घ्यायला लागले, ज्यात अक्षरांचा आकार तोच राहतो आणि ती फिकट फिकट होत जातात, हा तक्ताही १९८८ चाच. सगळ्या टेस्टच्या शीट नव्याने, काळ्या शाईत, मॅट कागदावर छापून घेतल्या. ट्यूबलाइटची चमक टाळायला टेबल फिरवलं. पार्किन्सन्सच्या पेशंटमध्ये तर हे फारच कामाला आलं, कारण या आजारात मेंदूतलं जे रसायन कमी होतं ते डोपामिन डोळ्याच्या पडद्यातही काम करतं, ते कमी झालं की फिकट गोष्टी आधी हरवतात, आणि एक आजोबा ज्यांना जुन्या झेरॉक्सवरची चित्रं ओळखता येत नव्हती त्यांनी नव्या शीटवर एक सोडून सगळी ओळखली. मार्क कुणाचे मोजत होते मी, त्यांचे की आमच्या झेरॉक्स मशीनचे, हा प्रश्न मी प्रबंधात वेगळं प्रकरण करून लिहिलाय.

चौदा महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. काकूंची नजर आणखी गेलेली, समोरच्या माणसाचा चेहरा आता कळत नाही, आवाजावरून ओळखतात. १५ शब्दांच्या यादीतले अर्ध्या तासाने ५ आले, म्हणजे आजार आता आठवणीकडेही सरकलाय. हे होणार हे माहीत होतं तरी मोजताना माझा हात थरथरला. सून आता मशीनवर बसते, काकू शेजारी पाटावर, आणि गिऱ्हाईक आलं की माप टेपने सून घेते पण कापड कापायच्या आधी काकूंच्या हातात देते.

निघताना पाया पडले तर काकूंनी मला उभं केलं आणि खांद्यावरून हात फिरवला, खांद्यापासून बाहीपर्यंत, बाहीपासून परत खांद्यापर्यंत. म्हणाल्या, "कुणी शिवलाय गं हा कुर्ता? बाही उतरलीये अर्धा इंच. काढ, आत्ता उसवून देते."

सुनेने कात्री आणली. मी सुनेचा गाऊन घालून तासभर तिथेच बसले, काकू शिवणीवर बोट ठेवून सांगत होत्या इथून, इथपर्यंत, आता थांब, आणि सून उसवत होती.